माझ्या हाताला बसणारी निब

माझी फजिती ऐकायची म्हणता? मग आधी चहा ओता. कोरड्या घशानं स्वतःवर हसता येत नाही.

तेव्हा मालेगावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकुनाची जागा निघणार होती. मला ती हवीच होती. अट एकच, अर्ज स्वतःच्या अक्षरात. आणि माझं अक्षर? आमच्या मळ्यात वांग्याच्या पानावर अळी फिरायची, ती बरी लिहायची.

मी ठरवलं, दोष हाताचा नाही, टाकाचा आहे. दौऱ्यावरच्या एका साहेबाच्या खिशाला हिरवं फाउंटनपेन पाहिलं होतं. तेच पाहिजे. मुंबईची दुकानं म्हणाली, मिळत नाही. मग कचेरीतल्या टायपिस्टाकडून टाइप करवून लंडनला पत्रं धाडली. एकाकडे नाही, दुसऱ्याकडे नाही, तिसऱ्याकडे शेवटचं एक निघालं. त्यानं कळवलं, 'हस्ताक्षराचा नमुना पाठवा, निब आपल्या हाताला बसेल अशी घासून देऊ.'

आली का पंचाईत? माझं अक्षर पाहून त्यानं पेनच दिलं नाही तर?

मी गेलो रहीमकडे. रहीम माझा दोस्त, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. इंग्रजी अक्षरं तर नुसती बघत राहावी.

"रहीमभाई, माह्या नावानं दोन ओळी लिहून दे."

"काहून? तुह्या हाताले का झालं?"

"झालं काईच नाई. जल्मापासून असाच हाय."

त्यानं हसत हसत लिहून दिलं. डाव्या हातानं. हो, रहीम डावखुरा, हे सांगायचं राहिलंच.

पेन आलं. काय त्याचा रंग! शाई भरली, देवाचं नाव घेतलं, कागदावर टेकवलं. कागद फाटला. पुन्हा टेकवलं, तर शाईचं थारोळं. रहीमनं डाव्या हातात घेतलं मात्र, पेन सरसर पळालं.

"फसवलं मले दुकानदारानं. तक्रार करतो."

"कर ना. पन तुहं अक्षर त्याले वाचता येईन का?"

खरंच की. मग तक्रारही रहीमनंच लिहिली, त्याच पेनानं. मी शेजारी उभा राहून सांगत होतो, 'हे पेन अजिबात लिहीत नाही.'

उत्तर आलं, 'आपल्या विनोदावर आम्ही सगळे पोट धरून हसलो. इतकं सुरेख पत्र दुकानाच्या काचेत लावलं आहे.'

शेवटी अर्ज जुन्या टाकानंच लिहिला. जिनाच्या मुनीमजींनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"का लिवलं हाय हे, लेका?"

मलाही नीट लागेना. खोटं कशाला बोलू?

"तोंड तं चालते ना तुहं? काट्यावर उभा राह्य. वजनं ओरडून सांग, लिवनारा दुसरा ठेवतो."

लागली की नोकरी! पेन रहीमला देऊन टाकलं. तो रोज मला कित्ता घालून देतो, आणि परवा म्हणाला, "सुधरून राह्यलं बरं का."

तेव्हा लंडनला कोणी गेलंच, तर ती काच जरूर बघा. पत्राखाली माझं नाव आहे. इथं मात्र पगाराच्या दिवशी मुनीमजी शाईची डबी पुढं सरकवतात.

"सही राहू दे. अंगठाच दे, तो तरी ओळखू येते."