घोड्यापुढचं प्यादं

सांगलीच्या बाजारात इलियास मणेराचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी आणि वर ताडपत्री. धंद्यात मन घातलं असतं तर आज माडी उभी राहिली असती, असं त्याची बायको मेहरुनबी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण त्याचं मन बुद्धिबळात. तेही खेळण्यात नाही. खेळतो काय, कुणीही. इलियासला नाद होता डाव रचण्याचा. पटावर पाचसात मोहरी अशी मांडायची, की बघणाऱ्याला वाटावं यात काही राम नाही. आणि तरी नेमक्या चार चालींत काळ्या राजावर मात व्हावी, तीही प्याद्यानं. बाईच्या हातात बांगडी चढवताना त्याची नजर शून्यात लागायची आणि बांगडी कडकन वाढायची. "भाई, हात माझा हाय, हत्तीची सोंड न्हाई," अशी बोलणी त्यानं किती खाल्ली असतील!

"लकडी के राजा के वास्ते जिता आदमी मरता," मेहरुनबी कपाळावर हात मारून म्हणायची.

डाव रचणाऱ्याला सोडवणारा लागतो, नाहीतर ते खाणाराच नसलेल्या घरात पुरणपोळी करण्यासारखं. इलियासचा सोडवणारा होता कुंडलचा सयाजी. पलटणीतून परत आलेला, थोडाबहुत ऊस लावणारा, मिशीवाला गडी. कुंडलच्या बाजाराला इलियास बांगड्या घेऊन जाई, आणि गिऱ्हाईक पांगलं की पारावर पट मांडी. सयाजी डावाला चहूबाजूंनी टकटक करून बघायचा, बायका मडकं वाजवून घेतात तसा. मग म्हणायचा, "पक्का हाय गड्या." सयाजीनं पक्का म्हटल्याशिवाय डाव डावच नाही, असा पाराचा रिवाज होता.

त्र्याहत्तर साली एका साप्ताहिकानं बुद्धिबळाचं सदर सुरू केलं. इलियासनं आयुष्यातला सगळ्यात देखणा डाव त्यासाठी काढला. तिसऱ्या चालीला पांढरा हत्ती आडवा येऊन शह देतो, काळ्या राजाला पळायला एकच घर उरतं, आणि तो तिथं गेला की एक फाटकं प्यादं पुढं सरकून त्याचा गळा धरतं. सयाजी त्याच्यावर दोन बाजार बसला. डाव सुटला तेव्हा त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "धाड पाठवून. मी सांगतो, पक्का हाय."

डाव छापून आला, खाली नाव, गाव सगळं. मेहरुनबीनंसुद्धा शिरा केला. इलियास त्या आठवड्यात गिऱ्हाइकांशी इतका गोड बोलला, की बायकांना संशयच आला.

पुढच्या अंकात दोन ओळी आल्या. डाव सदोष आहे. हत्तीनं शह दिल्यावर काळ्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं उडी मारून मध्ये उभं राहतं. मात होत नाही.

कुंडलच्या पारावर प्यादं जन्मभर एकच घर चाललं होतं. बापजाद्यांचा देशी खेळ तो. नव्या नियमात पहिल्या चालीला दोन घरं जातं, हे काय दोघांना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. सांगलीत इलियास तसा खेळलाही होता. पण डाव रचताना माणूस डोक्यानं रचत नाही, हाडात मुरलेलं असतं त्यानं रचतो; आणि तपासणाऱ्याची हाडंही त्याच मातीची होती. सांगलीची पोरं दुकानासमोरून जाताना "मामू, दोन घरं!" म्हणून ओरडायची. इलियास हसून घ्यायचा.

सयाजीला मात्र हसता येईना. "माज्यामुळं तुजं नाव गेलं रं," एवढंच तो प्रत्येक बाजाराला म्हणायचा. इलियास डाव दुरुस्त करायला बसला. ते प्यादं एक घर पुढं ठेवावं, तर एका पावलात हत्तीच्या आड येतं. काढूनच टाकावं, तर राजाला त्याच घरातून वाट मोकळी. वर्षं गेली. नवा डाव त्याला सुचेना, जुना सुधरेना.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सयाजीच्या अंगावरून वारा गेला, उजवं अंग लुळं पडलं. इलियास भेटायला गेला, तर पहिला प्रश्न, "झाला का रं दुरुस्त?"

"झाला की," इलियास म्हणाला. असं धडधडीत खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता. त्यानं खाटेवर पट मांडला. डाव जुनाच, नवा दिसावा म्हणून एक निकामी उंट तेवढा कोपऱ्यात बसवला होता.

सयाजी डाव्या हातानं मोहरी सरकवू लागला. तिसऱ्या चालीला हत्ती आला, शह बसला. काळ्याची चाल. सयाजीचा हात घोड्यापुढच्या प्याद्यावर जरा थांबला. दुखण्यानं थकला असेल, असं इलियासला वाटलं. मग त्या हातानं मुकाट राजाच उचलला आणि उरलेल्या एका घरात नेऊन ठेवला.

"मात," पांढरं प्यादं पुढं सारत सयाजी म्हणाला. "पक्का हाय गड्या." इलियासचं काळीज निवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तो गाडीत खिडकीपाशी बसून झोपला.

आठवडाभरात सयाजी गेला. इलियास मातीला जाऊन आला. रडला, पण मित्र निवांत गेला, एवढं समाधान त्यानं मनाशी धरून ठेवलं. तेवढंच होतं त्याच्यापाशी.

पुढं कुंडलच्या एका बाजाराला सयाजीची बायको राहीबाई इलियासच्या पालापाशी येऊन उभी राहिली. तिच्या लग्नाचा चुडा इलियासच्या बापानं भरला होता, पुढं सणासुदीला इलियासनं. आता हात मोकळे.

"भाईजी, एक इचारू? तुमी त्या दिशी गेल्यावर ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. म्हनले, प्यादं अजून दोन घरं जातंय गं, इलियासला सांगू नगंस. शेवटपतोर त्येच. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. कुटं जात व्हतं ओ ते प्यादं?"

बांगड्या भरायला समोर बसलेली बाई हात पुढं करून केव्हाची खोळंबली होती.

"कुटंच न्हाई वहिनी," इलियास म्हणाला, आणि त्या बाईला म्हणाला, आज बांगड्या नाहीत.