जपानच्या स्टेशनातली एकादशी

मायला मी हट्टानं जपानला बोलावून घेतलं होतं. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यानं मला काही महिन्यांसाठी तिकडं प्रशिक्षणाला पाठवलं होतं. दादा म्हणाला, "तिला तिकडं नेऊन उपाशी ठेवशील." झालं, मला राग आला आणि रागाच्या भरात मी तिकीट काढून मोकळी झाले. मला कुणी नको म्हटलं की मी ते हमखास करतेच.

पण खरं कारण वेगळं होतं. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, असा मायचा नेम. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, शहरात माझं घर, मायचं करमाड गाव हाकेच्या अंतरावर, तरी ती सकाळी येई आणि दिवस मावळायच्या आत परत जाई. जपानची खोली मात्र सासर नव्हती. ती माझी होती. तिथं तरी मायनं माझ्याजवळ पोटभर राहावं, असं मला फार वाटत होतं.

आणि नेमकं पोटावरच आलं. माय माळकरी. कुणी केलं, कशात केलं हे कळल्याशिवाय ती घास तोंडात घालत नाही. आमच्या वसतिगृहात खोलीत स्वयंपाक करायला मनाई होती. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती तोवर निभावलं. मग केळी आणि दूध. तिचा चेहरा उतरत चालला. त्यात एकादशी आली, आणि उपासाची पिशवी घाईत घरीच राहिलेली. सकाळी दादाचा फोन आला. "लवकरचं तिकीट मिळायलंय. संध्याकाळपर्यंत सांगा, बदलून टाकतो." माय काहीच बोलली नाही. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

"चल," म्हटलं, "स्टेशनावर जाऊ. तिथं सगळं मिळतं."

ते स्टेशन म्हणजे आमच्या शहरातले गुलमंडी आणि औरंगपुरा हे दोन्ही बाजार झाडूनपुसून जमिनीखाली मांडल्यासारखं होतं. गाड्या कुठंतरी वर धावत होत्या आणि खाली नजर पोचेल तिथवर दुकानं. हॉटेलांच्या काचेमागं भरलेली ताटं ठेवलेली. माय थांबली.

"वाफ नाय, काय नाय. कवाचं वाढून ठिवलंय हे?"

"प्लास्टिकचं आहे माय. गिऱ्हाइकाला दाखवायला."

"मंग खरं कुठं हाय?"

"आत."

"आन् आत कोण करायलंय?"

ते काही काचेतून दिसत नव्हतं. आम्ही पुढं निघालो. मी मोबाइल धरून एकेका वेष्टनावरचं वाचत सुटले. शेवयांच्या रश्श्यात मासा, निव्वळ भाजी समजून उचललेल्या डबीत माशाचं पाणी. माझा पारा चढला. एका दुकानातल्या बाईला मी सरळ मराठीतच विचारलं, "बाई, तुमच्या गावात मासा कशात नसतो?" तिनं हसून मला वाकून नमस्कार केला.

मागं वळून पाहते तर माय मान वर करून उभी.

"रताळं भाजायलंय कुणीतरी."

उपासानं तिला काहीबाही व्हायला लागलं, असंच मला वाटलं. "इथं कुठलं रताळं," मी म्हणाले. पण ती चालू लागली होती. इतके दिवस माझा पदर धरल्यासारखी मागून येणारी माय आता पुढं आणि मी तिच्या मागं. दोन वळणं घेऊन ती एका छोट्या दुकानापुढं थांबली. लोखंडी भट्टी, आत तापलेले गोटे आणि गोट्यांवर लालबुंद सालीची रताळी.

माय वाकली. भट्टीत डोकावून तिनं सगळं नीट पाहून घेतलं.

"काय लावलंय का, इचार."

मी मोबाइलवरून विचारलं. दुकानातल्या पोरीनं दोन्ही हात हलवून काही नाही म्हणून सांगितलं. मग निवड सुरू झाली. अंगठ्यानं दाबून पाहायला माय पुढं सरसावली, तेव्हा मी तिचा हात धरला. ती बोट दाखवी, पोरगी चिमट्यानं उचलून दाखवी, माय मान हलवी. बऱ्याच वेळानं एक पसंत पडलं. पोरगी तिला अजिबात कंटाळली नाही. अशी गिऱ्हाइकं तिला आवडत असावीत.

बाकावर बसून मायनं पहिला तुकडा देवासाठी बाजूला ठेवला. मग खाल्लं. सावकाश, साल बोटांनी सोलत, शेवटच्या शेंड्यापर्यंत.

"गूळ घातल्यावानी लागायलंय," ती म्हणाली. "आणखी एक आण. मोठं बघून आण."

मला इतका आनंद कारखान्यात बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मी धावतच गेले.

पोटात पडल्यावर माय उठली आणि बाजाराला लागली. गावाला न्यायच्या खाऊची दुकानं तिच्या लगेच ध्यानात आली. एक खोका तिनं माझ्याकडून वाचून घेतला. तांदळाचं पीठ, आत कडधान्याचं पुरण, साखर. प्रत्येक नग वेगळ्या कागदात.

"हे बरं केलंय," ती म्हणाली. "समदे सारखे. कुणाला मोठा, कुणाला बारका, असं म्हणून भावकी रुसणार नाय."

खोके माझ्या हातात देऊन ती पुढच्या दुकानाकडं वळली, तेवढ्यात दादाचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तिनं तो माझ्याकडून घेतला.

"माय, बदलू का तिकीट?"

"बदल," माय म्हणाली. मी हातातले खोके खाली ठेवले. "पण अलीकडं नको, पलीकडं ढकल."

"अगं, पण तिथं खायला..."

"खायला लई हाय. लेकीकडं आलेय मी. अजून राहून झालं नाय."