पोटातला ठोसा
परवा मोटारपंपाच्या नव्या पाइपाचा रबरी वास आला आणि माझं पोट आपोआप आत ओढलं गेलं. दहा-बारा वर्षांपूर्वी वणीजवळच्या एका जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीत पंप बुडाला होता. तो काढायला शहरातून एक पाणबुड्या आला आणि सोबतीला विहिरीत बुड्या मारणारा मी. त्यानं माझ्या पाठीवर सिलिंडर बांधलं, रबरी नळी तोंडात दिली आणि बजावलं, "श्वास अजिबात रोखायचा नाही." मी मान हलवली. खाणीची काळी, बुळबुळीत भिंत चाचपत आम्ही तळाशी गेलो, पंपाला दोर बांधला. वर निघालो आणि विहिरीची सवय नडली, मी दम धरला. त्यानं माझा पाय खेचला आणि पोटात ठोसा मारला. हा मला इथंच संपवतोय असं वाटून मी त्याचा मास्क ओरबाडला, गळा आवळला. माझ्या तोंडातून बुडबुडे फुटेपर्यंत तो मारतच राहिला. आम्ही झटापट करतच वर आलो. काठावर दोर धरून उभा असलेला माझा थोरला भाऊ माझ्या नाकातलं रक्त पाहून धावला. "माह्या भावाले मारतं काय बे?" म्हणत त्यानं हातातला पाना पाणबुड्याच्या तोंडावर हाणला. दोन दात चिखलात पडले. रक्त थुंकत तो म्हणाला, "दम धरून वर आला असता तर हवा फुगून याची छाती फाटली असती." "मंग हे पहिले काहून नाही सांगतलं?" भाऊ ओरडला. पाणबुड्यानं माझ्याकडे पाहिलं. भावाचा हात अजून वरच होता आणि मी तोंड मिटून बसलो. पाणबुड्यानं आधीच बजावलं होतं, हे भावाला मी आजवर सांगितलेलं नाही.