जप्त केलेल्या पाच सुऱ्या

ये पोरी, अशी जवळ बस. जत्रा आटोपली की उगवायचं, ही कसली गं रीत? असो. जत्रेवरनंच ती केस डोक्यात आली. इतकी वर्षं झाली, अजून विसरले नाही.

इथल्याच, कोरेगावाकडच्या ठाण्यात बायकांची झडती घ्यायला मी नोकरीला होते. शाळा पाहिली नव्हती. आलेले अर्ज चाळत वाचायला शिकले. तेव्हा निजामाच्या हद्दीत गडबड चाललेली, आणि इकडं लोक आपल्याच गावच्या मुसलमानाकडं वाकडं बघू लागलेले. अशात जांभळ्या शाईतला निनावी अर्ज आला: मुलाण्याच्या घरात हत्यारं आहेत, माणूस निजामाचा हेर आहे.

आम्ही घर गाठलं. त्याच्या बायकोची झडती मी घेतली. कनवटीला मिश्रीची डबी निघाली.

"लावा की दाताला, बाई," ती म्हणाली. "तोफंची दारू न्हाई ती."

माळ्यावर पाच सुऱ्या सापडल्या. पंचनाम्यात 'घातक शस्त्रं' लिहून जप्त केल्या.

ठाण्यात फौजदारांनी दरडावलं, "पाच कशाला रे?"

"सायेब, एक मानंची, एक कातड्याची, एक हाडाची, एक कांद्याची."

"आणि पाचवी?"

"ती सासऱ्यानं दिल्याली. कायबी कापत न्हाई, पर टाकू कशी?"

फौजदार हसले नाहीत. वरून हुकूम होता, संशयित जिल्ह्याला धाडा. सोमवारी रवानगी ठरली. तीन दिवस गावातलं कुणी फिरकलं नाही. बायकोच भाकरी घेऊन यायची.

रविवारी सकाळी मात्र अख्खं गाव ठाण्यात! जत्रा होती ना. दारोदार नवसाची बकरी बांधलेली, आणि मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय बकरं देवाला चालत नाही. सगळ्यांच्या पुढं एक बागायतदार, घामाघूम.

"आवं सायेब, सोडा त्याला! चाळीस पाव्हणं बसल्यात."

"तो हेर आहे म्हणे."

"छ्या! लय गरीब माणूस."

"मग तसं लिहून द्या."

त्यानं खिशातलं पेन काढलं. तीच जांभळी शाई, तेच डावीकडं कललेलं अक्षर! मी गुमान निनावी अर्ज आणून शेजारी ठेवला. पेन थांबलं. मुलाण्याच्या इनामी जमिनीची पट्टी या बागायतदाराच्या बांधाला लागून होती, तिच्यावर याचा डोळा.

खोट्या खबरीबद्दल त्याचा जबाब सुरू झाला. मुलाण्याला सुऱ्या परत मिळाल्या, पाचवीसुद्धा. जाताना तो म्हणाला, "मालक, तुमचं बकरं शेवटाला बरं का." पाहुणे दिवेलागणीपर्यंत उपाशी!

सगळं ठाणं हसलं. त्याची बायको तेवढी हसली नाही. मला म्हणाली, "बाई, आज जत्रा नसती तर?"

तेव्हापासून अर्जात माणसाच्या आधी त्याचा धर्म लिहिलेला दिसला, की मी लिहिणाऱ्याचा बांध कुणाच्या रानाला लागतो ते आधी विचारायची.

पुढच्या खेपेला जत्रेच्या आधी ये गं, लवकर ये. मुलाण्याच्या ओट्यावर चहा घेऊ, मग देवळात जाऊ.