कयाकच्या कडेची दोरी

माझी जुनी कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची फायबरची होडी, नीट करायला तो विश्रामबागेतल्या आमच्या अंगणात आठ दिवस येत होता. एरवी पाण्याच्या टाक्या आणि ट्रॅक्टरचे टप सांधणारा माणूस. मी तडा दाखवायला लागलो, तर मला बाजूला सारून त्यानं बोटाच्या पेरानं अख्खी होडी नारळासारखी वाजवून बघितली. "हितं बद्द वाजतंय. दिसतंय तेवढंच फुटल्यालं नसतंय, सायेब."

सांधून झाल्यावर होडी नदीवर न्यायची सोडून त्यानं तिच्यात नळाचं पाणी भरलं, हळद कालवली आणि बाहेरून कुठं पिवळं पाझरतंय का, हे बघत दुपारभर उकिडवा बसून राहिला.

तडा सांधण्याखेरीज मला फक्त नवी बैठक आणि झकास रंग हवा होता. ते त्यानं केलंच, वर न विचारता कडेनं जाड नायलॉनची दोरी ओवली. मी वैतागलो. "सगळा देखणेपणा घालवलात की हो!"

"आवं, उलटली तर धरणार कशाला? रंगाला?"

दोरी कापायचीच, असं मी ठरवलं होतं, आळसानं राहिलं. महिन्याभरानं कृष्णेत बंधाऱ्याच्या अलीकडे उलटलो. गुळगुळीत बुडावरून हात पुन्हा पुन्हा निसटले, आणि मग बोटांना दोरी लागली.

दुसऱ्या दिवशी कंदी पेढे घेऊन त्याच्या शेडवर गेलो. सगळं सांगितलं. पेढा हातात तसाच धरून त्यानं काळजीनं विचारलं, "सांधा सुटला न्हाई न्हवं?"