गाडीचं दुखणं
काल शेजारी कुणीतरी जुनं टायर जाळलं आणि त्या वासाने मला शेलूबाजारहून वाशिमला निघालेली मे महिन्यातली एक दुपार आठवली. आईला डायलिसिससाठी वेळेत पोचवायचं होतं आणि वाटेतच गाडीत रबर जळाल्याचा वास भरला. "काहीतरी जळून राह्यलं वं," आई म्हणाली. मी गाडी बाजूला घेतली. मागून आलेल्या एका जीपवाल्याने नुसत्या वासावरूनच सांगून टाकलं, "क्लच गेला ताई, आता गाडी पुढं जात नाई." मला ते पटेना. बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिनच्या पट्ट्याभोवती काळा भुगा पडला होता. इंजिन सुरू केलं. एसी लावला की पट्टा किंचाळून धूर सोडायचा, बंद केला की गप्प व्हायचा. म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर अडकला होता आणि पट्टा त्यावर घासून जळत होता. "तुले ऊन लागीन, पण थांबायचं नाई," मी आईला म्हणाले. तिने बाटलीतल्या पाण्याने पदर ओला करून डोक्यावर घेतला. "चाल मंग." खिडक्या उघड्या टाकून, भाजणाऱ्या वाऱ्यातून आम्ही वेळेत पोचलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने कॉम्प्रेसर आणि पट्टा बदलला, पण मनात राहिली ती त्या दुपारी नर्सला सांगणारी आई: "हे माही पोरगी. गाडीचं दुखणं हिनंच ओळखलं." आता आई नाही. परक्या माणसापुढे तिने माझं कौतुक केलं, ते तेवढं एकदाच.