लोखंड बाजाराचे इब्राहिमचाचा

इब्राहिमचाचा रस्त्याच्या कडेने कधी चालले नाहीत. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दोन्ही बाजूंना ट्रक उभे असत आणि भर दुपारी हा साठीचा काटकुळा माणूस अंगठे पट्ट्यात खुपसून बरोब्बर मधून चालत यायचा. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा. "शेरीफ कडेनं चालला, की गाव त्याला कडेलाच ठेवतं," असं चाचा म्हणायचे.

त्यांची हयात जहाजावर गेली. बंदर लागलं की बाकीचे खलाशी बाजारात जात, हे थिएटरात. छातीवर चांदणी लावलेला एकटा शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार, बेबंद गावाला वठणीवर आणतो, असले घोड्यांचे इंग्रजी सिनेमे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. भाषा कळायची का, असं मी एकदा विचारलं.

"शेठ, शेरीफ बोलतोच किती?"

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमचा बाजारही असाच बेबंद होता. ट्रक लावण्याच्या जागेवरून ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, घेऊन धावत. मग व्यापाऱ्यांच्या कमिटीने गेटवर चाचांना नेमलं. कमिटीत मी होतो. पगारात मी भरपूर घासाघीस केली. त्यांनी ती निमूट होऊ दिली आणि एकच अट घातली, गेटच्या आत नियम माझा आणि तो सगळ्यांना. मला वाटलं, मी जिंकलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी गेटवर लाकडी पेटी ठेवली. टॉमी पेटीत, मग ट्रक आत.

"चाक पंक्चर झालं तर?" एका धिप्पाड ड्रायव्हरने दम भरला.

"मला बोलवा. मी येतो टॉमी घेऊन."

"आणि करणार काय?"

"बघत उभा राहीन. चाकच खोलताय ना, ते."

त्याने टॉमी ठेवली. मागे मी होतो.

"शेठ, हत्यार."

"माझ्याकडे कुठलं?"

"पायातलं."

सौदा फिसकटला की माझा हात चपलेकडे जातो हे बाजाराला ठाऊक होतं. प्रत्यक्षात मी ती फार लोकांना मारलेली नाही. पण मागे रांग उभी होती, नियमावर माझीच सही होती. तो अख्खा उन्हाळा मी तापलेल्या काँक्रीटवर अनवाणी फिरलो. पाय भाजायचे म्हणून सौदे झटपट मिटवायचो, तेही गिऱ्हाइकाच्या भावात. हे मी अजून विसरलेलो नाही.

वर्षभर बाजारात कुणाचं डोकं फुटलं नाही. तेव्हा कमिटीत मीच म्हणालो, आता शेरीफ कशाला? सगळ्यांना पटलं. सांगायला मलाच पाठवलं. मी भांडायच्या तयारीने गेलो. चाचांनी हसत किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

"पिक्चरमध्ये पण असंच असतं, शेठ. गाव निवांत झालं, की ज्यानं बोलावलं तोच आधी कंटाळतो."

"अहो, भांडा तरी."

"कशाला? तुमचं काम झालं, माझं पण."

पंधरा दिवसांत दोन डोकी फुटली आणि माझ्या गाळ्याचं शटर वाकलं. तुम्हीच घालवलंत, तुम्हीच आणा, असं कमिटीने सुनावलं. चाचा दिवाळे गावात खाडीकाठी उपड्या होडीवर बसले होते. मी दुप्पट पगार बोललो, मग केबिन, मग केबिनला पंखा. ते मान डोलवत ऐकत राहिले.

"चाचा, तुम्हाला पाहिजे काय ते बोला."

"कायच नको. दुसऱ्यांदा बोलावलेला शेरीफ मी कुठल्या पिक्चरमध्ये बघितला नाही. तुम्हीच उभे राहा ना."

"माझं कोण ऐकणार?"

"मी ऐकलं की. जा म्हणालात, गेलो."

कमिटीला मी सांगितलं, म्हाताऱ्याने भाव फार चढवलाय. दुसऱ्या सकाळी मीच गेटवर उभा राहिलो. पहिल्या ड्रायव्हरने काच खाली केली आणि विचारलं, "चाचा कुठं आहेत?" दिवसभर जो आला त्याने हेच विचारलं, आणि प्रत्येकाशी मी भांडलो.